पेट स्कॅनमधला डाग वाचताना या चुका टाळा

पिंपळगावचे एक द्राक्षबागायतदार काका गेल्या थंडीत दुसऱ्यांदा पेट स्कॅनला आले होते. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी धरून म्हणाले, "तेव्हा एसयूव्ही अकरा होती, आता सात. म्हणजे गाठ मरत चाललीय ना?"

मी टेक्नॉलॉजिस्ट. निदान सांगणं माझं काम नाही. पण एसयूव्ही, म्हणजे डाग किती गडद ते सांगणारा आकडा, येतो कुठून, एवढं सांगता येतं. म्हटलं, "काका, ड्रिपमधून खत सोडलं आणि एका वेलीला लागू पडलं नाही, तर आधी काय बघता?"

"ड्रिपर चोक झालाय का ते."

गाठीचंही तेच आहे. स्कॅनआधी टोचतात तो ट्रेसर, म्हणजे माग दाखवणारा पदार्थ, एफडीजी: ग्लुकोजचा किरणोत्सारी भाऊ. तो आधी रक्ताबरोबर गाठीपर्यंत पोचतो, केशवाहिनीतून बाहेर पडतो, पेशीच्या दारातून आत शिरतो. तिथे हेक्झोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि तो आत अडकतो. पोचणं रक्ताच्या हातात, अडकणं पेशीच्या भुकेवर. स्कॅनमध्ये दोन्ही मिळून एकच डाग दिसतो, आणि बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

गडद डाग म्हणजे भरपूर रक्त, असं धरणं

रक्त गाठीतून एकदा गेलं की त्यातला थोडाच एफडीजी बाहेर झिरपतो. पण इंजेक्शननंतर आपण तासभर थांबतो. तेवढ्यात तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरून येतं, आणि रक्तपुरवठा बेताचा असलेल्या गाठीलाही तिचा वाटा मिळतो. म्हणून साठाव्या मिनिटाचं चित्र मुख्यतः भूक दाखवतं. रक्तप्रवाहाचा ठसा असतो तो पहिल्या एक-दोन मिनिटांत, आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये तेव्हा पेशंट खोलीत पांघरूण घेऊन पडलेला असतो.

यकृताच्या काही कर्करोगांत धमनीचं रक्त धो धो येतं, सीटीमध्ये गाठ झळकते आणि पेटमध्ये मात्र फिकी. कारण त्या पेशींकडे फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइमही असतं, आत आलेला एफडीजी पुन्हा सुटतो. स्वादुपिंडाचं उलटं: तंतूंनी घट्ट, रक्त कमी, तरी डाग बऱ्याचदा ठळक.

पेटवर रक्तप्रवाह नेमका मोजायला ऑक्सिजन-15 घातलेलं पाणी वापरतात. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 2 मिनिटं, म्हणजे ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात हवं. एफडीजीसारखा कसारा घाट चढून येणारा तो माल नव्हे.

फिका डाग म्हणजे मेलेली गाठ, असं धरणं

ही चूक जास्त महाग पडते. मोठ्या गाठीच्या पोटात वाहिन्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या असतात, आतला दाब वाढलेला असतो. मधला भाग मेला की तिथे ट्रेसर जातच नाही. पण त्याच्या कडेला प्राणवायूविना तग धरून बसलेल्या पेशी जिवंत असतात. त्या शोधायला एफमिसोसारखे वेगळे ट्रेसर आहेत. त्यांना झिरपायला वेळ लागतो, म्हणून 2 ते 4 तास थांबून चित्र घेतात.

बेव्हॅसिझुमॅबसारखं वाहिन्यांवर काम करणारं औषध चालू असेल तर आणखी सांभाळून. साठणारा एफडीजी कमी झाला तो पेशी मेल्या म्हणून की वाटच आखडली म्हणून, हे एका आकड्यावरून कळत नाही. अमेरिकी संशोधक डेव्हिड मॅनकॉफ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगात केमोआधी रक्तप्रवाह आणि ग्लुकोजची भूक दोन्ही मोजली. प्रवाहाच्या मानाने भूक जास्त असलेल्या गाठींनी उपचारांना कमी दाद दिली. केमोचं औषधही शेवटी त्याच वाटेने जायचं असतं ना.

चूक आपलीच, दोष गाठीला

एकदा घाटात गाडी अडकली आणि डोस उशिरा पोचला. एफडीजीतला किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, पावणेचार तासांत पाव उरतं. त्या घाईत मी मनगटाजवळच्या बारीक शिरेत सुई घातली. जागा जरा फुगल्यासारखी वाटली, पण मी पुढे गेलो. चित्र आलं तर मनगट जळत होतं, काखेतली एक लसीकाग्रंथी उगाच काळी आणि मूळ आजार फिका. एसयूव्ही काढताना टोचलेला सगळा डोस शरीरात फिरला असं धरलेलं असतं. तो हातातच राहिला तर प्रत्येक आकडा खोटा कमी येतो. डॉक्टरांना सांगितलं, स्कॅन पुन्हा केला. तेव्हापासून सलाइनने शीर तपासल्याशिवाय डोस सोडत नाही. स्तनाचा आजार असेल तर विरुद्ध हात घेतो आणि शंका आली की टोचलेली जागा चित्रात घेऊन रिपोर्टमध्ये लिहायला लावतो.

वेळेचंही तसंच. पहिला स्कॅन साठाव्या मिनिटाला आणि दुसरा नव्वदाव्या घेतला, तर बऱ्याच गाठींमध्ये एफडीजी आणखी साठलेला असतो आणि आजार वाढल्यासारखा दिसतो. दोन्ही वेळांत दहा मिनिटांहून जास्त फरक नको. साखर 200 च्या आत हवी. "चारच मणी खाल्ले" म्हणणारे द्राक्षांच्या हंगामात हमखास भेटतात, आणि त्या चार मण्यांनी सुटलेलं इन्शुलिन ट्रेसर स्नायूंकडे वळवतं. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत गारठलेल्या माणसाच्या मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि गाठींसारखी दिसते. म्हणून पांघरूण इंजेक्शनच्या आधीपासून द्यायचं.

काकांच्या दोन्ही नोंदी काढून बघितल्या. पहिला स्कॅन 62 मिनिटांनी, दुसरा 65. साखर 104 आणि 110. वजन दोन किलो कमी, तेही नोंदलेलं. हाताच्या जागेवर काही साठलेलं नाही. "आमच्याकडून अकराचे सात झालेले नाहीत," एवढं सांगितलं आणि जुनी सीडी बरोबर देऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.