क्रेडिट आले ३४, लागू पडले २४

मुलगा दहावीत असताना आम्ही पुण्याहून डॅलसजवळ राहायला आलो. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की आयांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचा किती एपी घेतोय?" एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. विषय शाळेतच शिकायचा, पण कॉलेजच्या दर्जाचा. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा होते, १ ते ५ मध्ये गुण मिळतात आणि जुलैत निकाल लागतो. गुण चांगले असले तर कॉलेज त्या विषयाचे क्रेडिट देतं, म्हणजे तो कोर्स झाला असं धरून पदवीच्या हिशेबात मोजतं. आमचा हिशेब सरळ होता. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, त्यातले तीसेक शाळेतच उरकले तर वर्षाची फी वाचली! बारावीपर्यंत त्यानं आठ विषय दिले.

सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला. खात्यावर ३४ क्रेडिट दिसले आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. ओरिएंटेशनच्या दिवशी अ‍ॅडव्हायझरनं डिग्री ऑडिट उघडलं, तेव्हा खरा प्रकार कळला. ऑडिट म्हणजे पदवीसाठी काय काय हवं आणि त्यातलं काय झालं, याची यादी. त्यात त्याचे २४च क्रेडिट कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसले होते. उरलेले १० ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर आहेत, पण पदवीच्या कामाचे नाहीत.

कुठले ते सांगते, म्हणजे तुमची चूक टळेल. एपी फिजिक्स १ मध्ये कॅल्क्युलस नसतं, आणि त्याच्या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स हवं होतं. त्यासाठी फिजिक्स सी द्यायला हवं होतं. स्टॅटिस्टिक्सचंही तेच झालं. एन्व्हायर्नमेंटल सायन्सला तर त्याच्या पदवीत जागाच नव्हती. कॅल्क्युलस बीसी, कॉम्प्युटर सायन्स ए, इंग्लिश लँग्वेज आणि अमेरिकेचा इतिहास मात्र चपखल बसले. गव्हर्नमेंट अर्धंच कामी आलं. टेक्सासच्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठात राज्याची घटनाही शिकावी लागते, आणि एपीच्या अभ्यासक्रमात ती नसते.

म्हणून विषय निवडताना "क्रेडिट मिळेल का?" एवढंच विचारू नका. "माझ्या मेजरमध्ये कुठल्या कोर्सच्या जागी बसेल?" असं विचारा. उत्तर विद्यापीठागणिक बदलतं. टेक्सासची सरकारी विद्यापीठं साधारण ३ गुणांपासून क्रेडिट देतात. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीत ५ असतील तरच पहिलं कॅल्क्युलस सुटतं. कॅलटेक तर एपीला क्रेडिट देतच नाही.

आणि तीन वर्षांत पदवीचं स्वप्न? तिथे क्रेडिटपेक्षा कोर्सची साखळी आडवी येते. डेटा स्ट्रक्चर्स झाल्याशिवाय अल्गोरिदम नाही, ते झाल्याशिवाय पुढचं नाही. एक कोर्स एका सेमिस्टरला म्हटलं तर इतिहासाचे सहा क्रेडिट आधीच असून साखळी एका कडीनंही आखूड होत नाही.

क्रेडिट आहे म्हणून ते वापरलंच पाहिजे असंही नाही, हे आम्हाला उशिरा उमगलं. कॅल्क्युलस बीसीत ४ होते आणि त्यावर पहिली दोन कॅल्क्युलस सुटली, म्हणून त्यानं थेट तिसरं घेतलं. दिवाळीच्या सुमारास फोन आला, "आई, बीसीतल्या सिरीजच्या धड्यातलं काही आठवत नाहीये." शेवटी सी ग्रेड पडली. एपीचं क्रेडिट जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत धरत नाहीत, ही सी मात्र धरली गेली. जो कोर्स सोडायचा, त्याची जुनी अंतिम परीक्षेची प्रश्नपत्रिका मिळवून आधी घरी सोडवून बघा. दोन तास जातील, सेमिस्टर वाचेल. डॉक्टर व्हायचं असेल तर आणखी जपून. बऱ्याच मेडिकल स्कूलना बायोलॉजी, केमिस्ट्री विद्यापीठातच केलेली हवी असते.

ड्युअल क्रेडिटबद्दलही विचारतात. म्हणजे शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचा कोर्स. राज्यातल्या सरकारी विद्यापीठात तो सहसा चालतो आणि एकाच परीक्षेवर सगळं ठरत नाही. पण त्यातली ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमची राहते. पंधरा-सोळाव्या वर्षी मिळालेली डीसुद्धा.

मुलगा साडेतीन वर्षांत पदवीधर झाला, एका सेमिस्टरची फी वाचली. आता धाकटी अकरावीत आहे. तिला तीनच एपी घेऊ दिलेत, त्यातलं एक फिजिक्स सी. गणपतीत विचारतात तेव्हा आकडा ऐकून बायका जरा चपापतात.