जुनी गाडी ‘टोटल लॉस’ झाली तर: सर्व्हेअर येण्याआधीची तयारी

घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर मागून आलेल्या कंटेनरने आमची २०१३ ची हॅचबॅक पुढच्या टेम्पोत घुसवली. आम्ही नवरा-बायको खरचटण्यावर सुटलो, गाडी मात्र दोन्हीकडून चेपली. पुढचा दीड महिना विमा कंपनीशी जे चाललं त्यातून ही यादी जमली. ओळखीतल्या तिघांना फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

यादीतलं पहिलं काम अपघाताच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच हुकतं. पॉलिसी काढून आयडीव्हीचा, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीचा, आकडा बघा. गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त तेवढेच पैसे देणार. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत हा आकडा घसाऱ्याच्या, म्हणजे वयानुसार किंमत किती घटली त्याच्या, तक्त्यावरून येतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, असं वाढत वाढत पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. तिथून पुढे आयडीव्ही म्हणजे तुमच्यात आणि कंपनीत ठरलेला भाव. ठरलेला म्हणायचं इतकंच, कारण आपण रात्री साडेअकराला मोबाइलवर नूतनीकरण करताना सगळ्यांत स्वस्त प्रीमियमवर बोट ठेवतो आणि त्याच्यासोबत सगळ्यांत कमी आयडीव्ही पदरात पडतो. कोपरखैरण्याच्या माझ्या मेव्हण्याने असेच सातशे रुपये वाचवले. त्याच्या गाडीचा आयडीव्ही बाजारभावाच्या निम्मा निघाला. घासाघीस करायची खरी जागा हीच, नूतनीकरणाची. एकदा गाडी ठोकली गेली की आकडा वाढवून मिळत नाही, आहे तो खाली येऊ द्यायचा नाही एवढंच हातात उरतं.

म्हणून नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी अर्धा तास काढा. आपलंच मॉडेल, तेच साल, तेच इंधन, किलोमीटर साधारण तेवढेच, आणि पासिंग शक्यतो एमएच ०४ किंवा एमएच ४३, अशा पाच-सहा गाड्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत शोधा आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, तेव्हा त्यातून थोडं कमी धरा. तो आकडा कंपनीला किंवा एजंटला लेखी कळवून आयडीव्ही तसा लावून मागा. पन्नास हजारांनी वाढवला तरी प्रीमियममध्ये साधारण हजार-दीड हजाराचा फरक पडतो.

आता पॉलिसीच्या बारीक अक्षरांतली एक ओळ शोधा. टोटल लॉसच्या (गाडी पूर्ण गेल्याच्या) दाव्यासाठी आयडीव्ही हाच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीचा बाजारभाव मानला जाईल आणि त्यातून पुन्हा घसारा कापला जाणार नाही, असं तिथे छापलेलं असतं. ती ओळ अधोरेखित करून फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आमच्याकडे पहिल्याच भेटीत ऐकायला मिळालं, “साहेब, अकरा वर्षांच्या गाडीला बाजारात दोन लाख चाळीस कोण देतंय?” मी काही न बोलता तो फोटो पुढे केला. बाजारभावाचा विषय तिथेच संपला.

पण जुन्या गाडीवाल्याची खरी कोंडी वेगळीच असते, ती नीट समजून घ्या. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. आमचा आयडीव्ही २,४०,०००, म्हणजे रेषा १,८०,००० वर. वर्कशॉपचं पहिलं एस्टिमेट आलं २,४०,००० चं. मला वाटलं, झालं काम. तसं नव्हतं. तो खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मोजतात, म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा वजा करून. गाडी दहा वर्षांच्या वर असेल तर लोखंडी भागांवर ५० टक्के, पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के. काचेवर काहीच नाही, मजुरीवरही नाही. घसारा न कापणारं जादा कव्हर, ‘झिरो डेप’, इतक्या जुन्या गाडीला बहुधा मिळतच नाही. हे सगळं वजा करून आमचा खर्च १,४०,००० च्या आसपास आला, रेषेच्या बराच खाली. म्हणजे कंपनी म्हणणार, दुरुस्त करून घ्या, आम्ही १,४०,००० देतो, उरलेले लाखभर तुमचे. अडीच लाखांच्या गाडीत स्वतःचा लाख रुपया घालायचा आणि वर ती सरळ रेषेत चालेल की नाही याची खात्री नाही!

यावर उपाय एकच, गाडी उघडून घेणे. पहिलं एस्टिमेट बाहेरून दिसेल तेवढ्यावर बनतं. वर्कशॉपला लेखी सांगा की पुढचा भाग आणि डॅशबोर्ड खोलून पूर्ण एस्टिमेट द्या, आणि सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या माणसाला, त्या वेळी हजर राहायला सांगा. आमच्याकडे खोलल्यावर क्रॉसमेंबर वाकलेला, गिअरबॉक्सचं हाउसिंग तडकलेलं आणि एप्रन चुरगळलेला निघाला. फुटलेल्या दोन एअरबॅगांसोबत त्यांचं मॉड्यूल बदलावं लागणार हेही पहिल्या कागदावर नव्हतं. दुसरं एस्टिमेट ३,३०,००० वर गेलं, घसारा जाऊन १,९०,०००. रेषा ओलांडली. यात फुगवाफुगवी अजिबात करायची नाही. जे मोडलंय ते सगळं कागदावर आलं पाहिजे, इतकंच. खोलण्याची मजुरी आणि गाडी दुरुस्त झाली नाही तर लागणारा एस्टिमेट चार्ज किती, हे मात्र आधीच ठरवून लिहून घ्या. पार्किंगचंही विचारा. काही वर्कशॉप ठरावीक दिवसांनंतर रोजचं भाडं लावतात आणि दावा लांबला की ते मीटर तुमच्या खिशातून पळत राहतं.

कागदपत्रांकडे वळू. जुन्या गाडीचे कागदही जुनेच असतात आणि दावे तिथेच अडकतात. आरसीवरची तारीख बघा: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. कर्ज कधीच फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, ही तर घरोघरची गोष्ट. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते नाव काढलेलं नसेल तर पैसे देताना कंपनी बँकेकडे बोट दाखवते. गाडी सेकंड हँड घेतली असेल तर आरसी तुमच्या नावावर झाल्यावर पॉलिसीही झाली आहे ना हे बघा. त्यासाठी चौदा दिवस असतात, आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवी, किटची किंमत आयडीव्हीत धरलेली हवी, आणि टाकीच्या हायड्रो टेस्टचं (दाबाच्या चाचणीचं) तीन वर्षांच्या आतलं प्रमाणपत्र हवं. लायसन्स, पीयूसी, मागच्या वर्षीची पॉलिसी एकाच फायलीत ठेवा. ई-चलनं थकली असतील तर भरून टाका, शेवटी आरटीओच्या खिडकीवर ती आडवी येतातच.

अपघाताच्या दिवशीचं थोडक्यात सांगतो, कारण त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे फोटो, समोरच्या वाहनाचा नंबर, रस्ता आणि खुणेचा फलक दिसेल असा एक लांबून फोटो, आणि ओडोमीटरचा फोटो. पोलीस ठाण्यात नोंद करा; कुणाला इजा झाली असेल तर ती टाळण्याचा प्रश्नच येत नाही. कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा नंबर घ्या. टोइंगची पावती सांभाळा, पण खासगी गाडीला त्यापोटी साधारणपणे १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. पावसाचं पाणी शिरून गाडी बंद पडली असेल, ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात दर पावसाळ्यात एखादी तरी पडते, तर सेल मारायचाच नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असताना सेल मारून कनेक्टिंग रॉड वाकला की कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने झालं नाही, तुम्ही केलंत. इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनासाठीचं जादा कव्हर नसेल तर तिथे भांडायलाही फारशी जागा उरत नाही.

सर्व्हेअर हा परवानाधारक माणूस असतो. ५०,००० रुपयांच्या वरच्या मोटार दाव्याला तो नेमावाच लागतो. त्याच्याशी वाकडं घेऊ नका, पण फोनवर बोलणं झालं की संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका: आज आपण असं म्हणालात, मी असं म्हणालो. ही सवय मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने लावली, तीही दुसऱ्याच भांडणात. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकांनुसार दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अहवाल आल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. या तारखा स्वतःच्या वहीत मांडा. अहवालाची प्रत लेखी मागा. कुठला भाग धरला आणि कुठला सोडला हे त्यातच कळतं.

टोटल लॉस मान्य झाला की दुसरी लढाई सुरू होते, भंगाराची. कंपनी म्हणते, चेपलेल्या गाडीची किंमत अमुक, ती तुम्ही ठेवा, उरलेले पैसे आम्ही देतो. भंगाराची किंमत जितकी जास्त धरतील तितका तुमच्या हातातला चेक लहान. आमच्या गाडीला ७०,००० लावले होते. मी कुर्ल्याच्या दोन भंगारवाल्यांना फोटो पाठवले. दोघांचा पहिला प्रश्न एकच: “काका, कागदासकट की बिनाकागद?” तिथे माझी ट्यूब पेटली. ७०,००० हा आरसीसकटचा भाव होता. आरसी चालू ठेवून विकलेल्या अशा गाडीचा नंबर आणि चासी नंबर चोरीच्या दुसऱ्या गाडीवर चढवतात, हा धंदा पोलिसांनी अनेकदा पकडलेला आहे. पुढे काही झालं तर आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं. मी कळवलं की आरसी रद्द करणार, तेव्हा बिनाआरसीचा भाव धरा, आणि जो भाव धराल तो देणारा माणूसही तुम्हीच आणा. चार दिवसांनी ४८,००० चा खरेदीदार आला. हिशेब असा झाला: २,४०,००० मधून सक्तीची कपात १,००० (१,५०० सीसीच्या वर असेल तर २,०००) आणि भंगाराचे ४८,०००, म्हणजे कंपनीकडून १,९१,०००, आणि खरेदीदाराकडून ४८,०००. हातात एकूण २,३९,०००. भंगाराच्या आकड्यावर नुसतं हो म्हटलं असतं तर ७०,००० चा माणूस शोधत मी अजून फिरत असतो.

सही करताना सावकाश. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० कोरे सही करून कुणालाही देऊ नका, कितीही घाई दाखवली तरी. गाडी उचलायच्या आधी पैसे खात्यात जमा झालेले हवेत. ‘पूर्ण आणि अंतिम’ असं छापलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर रक्कम मान्य नसेल तर तसं लिहूनच सही करा. व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त रक्कम मागायचा हक्क जात नाही, असं नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे, तरी लिहिलेलं बरं.

नाहीच जमलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. यासाठी ठाणे-नवी मुंबईकरांना आता लांब जावं लागत नाही, लोकपालांचं कार्यालय ठाणे पश्चिमेलाच आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. नियामकाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा नंबरही आहे. पोर्टलवर तक्रार टाकल्यावर आमच्या कंपनीचा फोन दोन दिवसांत आला, त्याआधी तीन आठवडे कुणी उचलत नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत जाता येतं, पण तिथे तारखा पडतात.

शेवटची फेरी आरटीओची. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत नोंदणी करणाऱ्या आरटीओला कळवायचं असतं, मग आरसी रद्द होते. चासी नंबरचा कापलेला तुकडा मागतात, तो भंगारवाल्याकडून आधीच घेऊन ठेवा, गाडी गेल्यावर तो फोन उचलेलच असं नाही. फास्टॅग बंद करून अनामत परत मागा, नाहीतर खालापूरच्या नाक्यावर कुणाचा तरी टोल तुमच्या खात्यातून जाईल. डिकीतला जॅक आणि डॅशबोर्डातला चष्मा काढून घ्या. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. आमची दुसरी किल्ली तीन दिवस सापडत नव्हती. शेवटी माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात निघाली.