राऊटरच्या सुरक्षेबाबत कंपनीचे निवेदन कसे वाचावे

वाय-फायमध्ये नवी त्रुटी सापडल्याची बातमी आली की बहुतेक जण आधी पासवर्ड बदलतात. मी आधी राऊटर पालथा करतो. परभणीच्या आमच्या घरी तो टीव्हीच्या मागे खिळ्याला टांगलेला आहे आणि उन्हाळ्यात त्याच्यावर इतकी धूळ बसते की तळाचे लेबल ओल्या फडक्याने पुसल्याखेरीज वाचता येत नाही. त्या लेबलवर मॉडेल क्रमांकाच्या शेजारी ‘व्ही १’ किंवा ‘व्ही ३’ असे जे बारीक अक्षरांत छापलेले असते, ती त्या मॉडेलची आवृत्ती; ती लिहून घ्यावी. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन राऊटरमध्ये चिप वेगवेगळ्या असू शकतात आणि कंपनीची दुरुस्ती एकाला मिळून दुसऱ्याला मिळालेली नसते.

यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावरील सुरक्षाविषयक निवेदन उघडावे आणि ते सावकाश वाचावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियन संशोधकाने डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीतील ‘क्रॅक’ ही त्रुटी जाहीर केली, तेव्हा अनेक कंपन्यांनी असे कळवले की साधा राऊटर म्हणून वापरात असलेले उपकरण बाधित नाही, रिपीटर म्हणून, म्हणजे दुसऱ्या राऊटरचा सिग्नल पुढे पोचवायला वापरले तर मात्र आहे. हे खरेच होते, कारण हल्ला प्रामुख्याने जोडल्या जाणाऱ्या उपकरणावर, म्हणजे फोन, लॅपटॉप किंवा रिपीटरवर होत असे. पण ‘बाधित नाही’ एवढेच वाचून निर्धास्त झालेल्या माणसाचा जुना फोन उघडाच राहिला, आणि पासवर्ड बदलण्याचा तर या त्रुटीवर काहीच उपयोग नव्हता. म्हणून निवेदनात आपले मॉडेल, आपली आवृत्ती आणि आपण राऊटर कसा वापरतो, या तिन्ही गोष्टी जुळतात का, ते पाहावे. ‘तपास चालू आहे’ असे लिहिलेले असेल, तर पानावरील तारीख टिपून पंधरा दिवसांनी ते पुन्हा उघडावे.

दुरुस्तीला उशीर होतो, त्यामागे दर वेळी कंपनीचा आळसच असतो असे नाही. मे २०२१ मध्ये व्हॅनहूफ यांनीच ‘फ्रॅगअटॅक्स’ या वाय-फायमधील त्रुटी उघड केल्या, त्याआधी उत्पादकांना तयारीसाठी सुमारे नऊ महिन्यांचा अवधी मिळाला होता. पुष्कळदा दुरुस्ती आधी चिप बनवणाऱ्याकडून येते, मग राऊटरची कंपनी ती आपल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे राऊटर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवून तपासते.

आपल्याकडे तिसरा टप्पाही असतो, आणि माझ्या मते गाडी अडते ती तिथेच. फायबर जोडताना केबलवाल्याने दिलेल्या राऊटरचे फर्मवेअर बहुधा सेवा देणाऱ्याच्या हातात असते. आमच्याही घरी ‘अपडेट’चे बटण होते, पण ते दाबले की ‘नवीन आवृत्ती उपलब्ध नाही’ असेच उत्तर येई. अशा वेळी मॉडेल, आवृत्ती आणि त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (प्रत्येक जाहीर त्रुटीला दिलेला ओळख क्रमांक) लिहून लेखी तक्रार करावी. फोनवर सांगितले तर ‘एकदा बंद करून चालू करा’ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

राऊटर स्वतःचा असेल, तर लेबलवरील नेमक्या आवृत्तीसाठीचे फर्मवेअर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, लॅपटॉप लॅनच्या केबलने जोडावा आणि राऊटर इन्व्हर्टरवर घेऊनच काम सुरू करावे. भारनियमनाची वेळ पाहून घ्यावी, कारण फर्मवेअर चढत असताना लाइट गेली तर राऊटर कायमचा बंद पडू शकतो. काम झाल्यावर राऊटरच्या सेटिंग्जच्या पानावरील फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक बदलला का, ते स्वतः तपासावे.

मॉडेलला अपडेट देणे थांबवल्याचे कंपनीने जाहीर केले असेल, तर पुढची दुरुस्ती सहसा येत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अपडेट किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला कायद्याने सांगावे लागते. आपण मात्र नवा राऊटर घेताना दुकानदाराला हे विचारायला लाजू नये. तोवर जुन्या राऊटरमधील डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडण्याची सोय) आणि इंटरनेटवरून, म्हणजे बाहेरून, नियंत्रणाची सोय बंद ठेवावी, आणि केबलवाल्याच्या माणसाने रीसेट केल्यास त्या पुन्हा चालू झाल्या नाहीत ना, हे त्याच दिवशी पाहावे.