जुना स्क्विड नव्या मशीनवर नेताना जुनी फाइल कॉपी करू नका

आपल्याकडे तालुक्याच्या शाळेत, ज्युनिअर कॉलेजात नाहीतर अभ्यासिकेत कोपऱ्यात एक जुना सीपीयू घरघरत असतो. त्यावर स्क्विड प्रॉक्सी चालतो, म्हणजे सगळ्या पीसींचं नेट ज्यातून जातं आणि नको त्या साइटी जो अडवतो तो प्रोग्रॅम. तो बसवणारे सर बदली होऊन गेलेले असतात आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. शेजारी जिनिंग असेल तर फॅनवर रुईचा थर. उन्हाळा कसाबसा निघतो, मग एक दिवस हार्ड डिस्क टिकटिक करायला लागते आणि फोन येतो, "भाऊ, नेट चालून नाही राह्यलं."

नवं मशीन येतं. मग कुणीतरी सांगतं की जुनी कॉन्फिग फाइल (स्क्विडचे नियम असलेली) पेन ड्राइव्हवर घ्या, नव्यावर टाका, रीस्टार्ट मारा, झालं. असं सांगणाऱ्याने स्क्विड ३.१ वरून ५.७ वर कधी काही नेलेलं नसतं, हे खुशाल समजा. जुन्या मशीनवरून न्यायच्या गोष्टी मोजक्याच: बंद साइटींची यादी, पासवर्डची फाइल असल्यास ती, नियमांमागचा हेतू आणि आयपी पत्ता. कॅशेचं, म्हणजे आधी उघडलेल्या पानांच्या साठ्याचं, फोल्डर तिथेच राहू द्या. नव्यावर ते आपोआप भरतं, आणि त्यात वाचवण्यासारखं आता फारसं उरलेलंही नाही.

(लेखात आज्ञा आणि ओळी देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

जुन्या मशीनमधून काय काढायचं

पासवर्ड नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा आणि फाइल वाचा. उबुंटू १४.०४ किंवा त्याआधीचं काही असेल तर कॉन्फिग 'स्क्विड३' नावाच्या फोल्डरात सापडेल, त्यानंतरच्यांत 'स्क्विड' फोल्डरात. हॅशने सुरू होणाऱ्या आणि कोऱ्या ओळी गाळल्या की हजारो ओळींच्या फाइलीतून कामाच्या वीस-तीस ओळी उरतात. त्या कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे ती कशासाठी आहे ते मराठीत लिहा. जिचा हेतू तुम्हालाही सांगता येत नाही आणि शाळेतल्या कुणालाही सांगता येत नाही, ती ओळ नव्या मशीनवर जाणार नाही. अपवाद एकच, पोर्टच्या ओळी. त्यांचं पुढे सांगतो.

जुना अ‍ॅक्सेस लॉगही चाळा. कुठल्या मशीनने काय उघडलं त्याची नोंद त्यात असते, म्हणून प्रॉक्सीवर कोण-कोण अवलंबून आहे हे त्यातूनच कळतं. लॅबची मशीनं सगळ्यांना माहीत असतात, पण ऑफिसातल्या बाबूंचा पीसी किंवा ग्रंथालयातलं एखादं मशीन कुणाच्या लक्षात नसतं, आणि पगारबिलाच्या दिवशी नेमकं तेच अडतं.

इन्स्टॉल

नव्या मशीनवर साधा डेबियन १२ (हेही एक लिनक्स), डेस्कटॉपशिवाय. 'एपीटी इन्स्टॉल स्क्विड' म्हटलं की स्क्विड ५.७ येतो आणि ३१२८ पोर्टवर सुरू होतो. ४ जीबी रॅम भरपूर झाली.

इन्स्टॉल करताना टाइमझोन एशिया/कोलकाता निवडलाय का, तेवढं बघा. मशीन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिलं तर सकाळी ११ ची बंदी दुपारी साडेचारला लागते आणि सगळे स्क्विडला शिव्या देतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. आपल्याकडे लाइट जाते ती कधी येईल ते सांगता येत नाही, आणि बटण दाबायला शिपाई हजर असेलच असं नाही. बायोसची बटण-बॅटरी, सीआर२०३२, जुन्या मशीनला हमखास संपलेली असते. तीही याच वेळी बदला.

नियमांचा क्रम

खरा घाम इथेच निघतो. माझाही निघालेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्क्विड 'एचटीटीपी_अ‍ॅक्सेस'च्या, म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं नि कुणाला नाही ते सांगणाऱ्या, ओळी वरून खाली वाचतो आणि जी पहिली ओळ लागू पडते तिच्यावर थांबतो. खालच्या ओळी मग असल्या काय, नसल्या काय. म्हणजे 'अलाऊ लॅब' ही ओळ वर लिहून त्याखाली 'डिनाय बंद' लिहिलं, तर लॅबमधला पोरगा पहिल्याच ओळीत पास झाला. बंदीची ओळ फाइलीत दिसते, पण तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. नियम आधी नकाराचे, मग परवानगीचे. शिक्षकांना सूट द्यायची असेल तर त्यांची 'अलाऊ' ओळ मात्र नकारांच्याही वर.

दुसरी गोम जास्त फसवी. एका 'एसीएल'मध्ये, म्हणजे नाव दिलेल्या अटीत (मघाचे 'लॅब' आणि 'बंद' हे एसीएलच), चार व्हॅल्यू दिल्या तर त्यांतली कुठलीही एक जुळली की चालतं. पण एका 'एचटीटीपी_अ‍ॅक्सेस' ओळीत चार एसीएल लिहिले तर चारही जुळावे लागतात. शाळेचं नेहमीचं उदाहरण घ्या. सोमवार ते शुक्रवार ११ ते ५ शाळा, शनिवारी सकाळची शाळा, साडेसात ते साडेअकरा. दोन्ही वेळांत व्हिडिओच्या साइटी बंद ठेवायच्या आहेत. भोळा माणूस 'शाळा' आणि 'शनिवार' असे वेळेचे दोन एसीएल करतो आणि लिहितो: 'एचटीटीपी_अ‍ॅक्सेस डिनाय बंद शाळा शनिवार'. या ओळीचा अर्थ असा होतो की साइट यादीत असली पाहिजे, वार सोमवार ते शुक्रवार असला पाहिजे आणि तोच वार शनिवारही असला पाहिजे. ही ओळ जन्मात लागू पडणार नाही. 'पार्स', म्हणजे फाइल तपासणारी आज्ञा, तीही तिच्यावर तक्रार करणार नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. योग्य रीत म्हणजे दोन वेगळ्या ओळी:

एचटीटीपी_अ‍ॅक्सेस डिनाय बंद शाळा
एचटीटीपी_अ‍ॅक्सेस डिनाय बंद शनिवार
एचटीटीपी_अ‍ॅक्सेस अलाऊ लॅब

वारांची अक्षरंही जपून. एस म्हणजे रविवार, एम सोमवार, टी मंगळवार, डब्ल्यू बुधवार, एच गुरुवार, एफ शुक्रवार आणि ए शनिवार. कुणी 'डी' वापरा म्हणून सांगेल. त्यात सोमवार ते शुक्रवारच येतात. शनिवारी सकाळी पोट्टे निवांत व्हिडिओ बघत बसतात, आणि हेडमास्तर तुम्हाला विचारतात की प्रॉक्सी लावला तरी कशाला. शिवाय वेळ तपासली जाते ती विनंती सुरू होताना. दहा पंचावन्नला उघडलेला व्हिडिओ ११ वाजले म्हणून तुटत नाही, म्हणून चाचणी घेताना ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

तिसरी गोष्ट जागेची. डेबियनच्या मुख्य कॉन्फिगमध्ये मधेच एक 'इन्क्लूड' ओळ असते, ती 'कॉन्फ.डी' फोल्डरातल्या फाइली तिथे ओढून घेते. तिच्या खाली 'एचटीटीपी_अ‍ॅक्सेस डिनाय ऑल'. लोक काय करतात, मुख्य फाइल उघडतात, एकदम तळाशी जातात आणि आपले नियम तिथे चिकटवतात. डिनाय ऑलच्या खाली! मग लॅबभर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'ची पाटी. आपले नियम कॉन्फ.डी मध्ये स्वतंत्र फाइलीत ठेवा, म्हणजे ते आपोआप योग्य जागी वाचले जातात आणि पुढच्या अपग्रेडला मुख्य फाइलीवरून भांडण होत नाही. फाइलीचं नाव '.कॉन्फ'नेच संपलं पाहिजे. '.टीएक्सटी' असेल तर स्क्विड तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि आता तो सल्ला, जो ऐकला की माझं डोकं फिरतं: "अडतंय ना? मग अलाऊ ऑल टाका." अडचण सुटते, खरं आहे. पण राउटरवर कुणी पोर्ट उघडं ठेवलं असेल तर तुमचा स्क्विड साऱ्या जगाचा फुकट प्रॉक्सी होतो. दुसरं कुणीतरी तुमच्या शाळेच्या नावावर नको ते उद्योग करतं आणि चौकशी शाळेत येते. 'अलाऊ'पुढे कायम आपल्या नेटवर्कचाच एसीएल, समजा १९२.१६८.१.०/२४. चाचणीपुरतं सुद्धा 'ऑल' नको. चाचणीपुरतं केलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं.

जुन्या ओळींचं काय होतं

'ट्रान्सपरंट' शब्द ३.१ पासून 'इंटरसेप्ट' झाला. 'ऑल' आणि 'मॅनेजर' हे एसीएल आता आतच येतात, ते पुन्हा लिहू नका. 'डीएनएस_व्ही४_फर्स्ट' पाचव्या आवृत्तीत काढून टाकलंय. पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ३.२ पासून 'बेसिक_एनसीएसए_ऑथ' झालं, त्याचा पत्ताही बदलला आहे, पासवर्डची फाइल मात्र तशीच चालते. यादीत एकच साइट टिंबासह आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह अशी दोनदा असेल तर टिंबाची ठेवा, तिच्यात सगळे उपडोमेन येतात.

पोर्टची ओळ ती ही. स्क्विड मुळात एचटीटीपीएससाठी, म्हणजे कुलूप लावलेल्या साइटींसाठी, फक्त ४४३ ला जाऊ देतो. एखादं सरकारी पोर्टल ८४४३ सारख्या पोर्टवर असेल तर आधीच्या सरांनी 'एसएसएल_पोर्ट्स'मध्ये तो गुपचूप घातलेला असतो. ती भर नव्या फाइलीतही घाला.

वेगमर्यादा, म्हणजे डिले पूल, जुन्या आकड्यांसह नेऊ नका. तिथले आकडे बाइटमध्ये असतात, बिटमध्ये नाही. ६४,००० लिहिलेलं असेल तर ते ५१२ केबीपीएस झालं, जुन्या ब्रॉडबँडला शोभणारं. गावात फायबर आलं तरी लॅब रांगते ती या ओळीमुळे, आणि शिव्या मात्र फायबरवाल्याला.

प्रॉक्सी लावला की नेट वेगवान होतं, हे आता विसरा. बहुतेक साइटी एचटीटीपीएसवर आहेत. स्क्विडला साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर दिसत नाही, त्यामुळे साठवताही येत नाही. डिस्क कॅशे लावलीच नाही तरी २५६ एमबीची मेमरी कॅशे मुळातच चालू असते, तेवढी पुरे. एचटीटीपीएस उघडून बघण्याच्या भानगडीत शाळेने पडू नये. त्याला वेगळं 'स्क्विड-ओपनएसएसएल' पॅकेज लागतं, प्रत्येक मशीनवर सर्टिफिकेट बसवावं लागतं, आणि शिक्षकांचा बँकेचा व्यवहार तुमच्या मशीनवर उघडा पडतो.

अदलाबदल

नव्या मशीनला तात्पुरता दुसरा आयपी द्या. 'स्क्विड -के पार्स' चालवा, एकही इशारा उरता कामा नये. मग लॅबमधल्या एकाच पीसीवर नवा पत्ता टाका आणि लॉग समोर ठेवून बसा. चालू साइटला 'टीसीपी_टनेल/२००' आणि बंद साइटला 'टीसीपी_डिनाइड/४०३' दिसलं पाहिजे. पडद्यावर काय दिसतं त्यापेक्षा लॉगवर विश्वास ठेवा, ब्राउझर जुनंच पान दाखवून फसवतो. ऑफिसच्या पीसीवरून त्यांचं रोजचं पोर्टलही एकदा उघडून घ्या.

सगळं जमलं की शाळा सुटल्यावर जुनं मशीन बंद करून त्याचाच आयपी नव्याला द्या. पोर्टही तोच, ३१२८. लॅबच्या एकाही पीसीला हात लावावा लागत नाही. एखादा पीसी अडून बसला तर तो रीस्टार्ट करा.

राउटरवर फक्त प्रॉक्सीच्या आयपीलाच ८० आणि ४४३ वर बाहेर जाऊ द्या, बाकीच्यांना टीसीपी आणि यूडीपी दोन्ही बंद. नाहीतर सातवीतला पोरगा ब्राउझरमधून प्रॉक्सी काढून मोकळा होतो.

जुन्या मशीनची नेटवर्क केबल काढून ठेवा. कुणीतरी "हे बंद काऊन आहे" म्हणत ते सुरू करतंच, आणि एका आयपीची दोन मशीनं झाली की अर्धी लॅब इकडे आणि अर्धी तिकडे.