ड्रायव्हर रिव्ह्यू करायचाय? प्रोब फंक्शन तळापासून वाचा

लिनक्स कर्नलमध्ये नव्याने उतरलेली मुलं मला हमखास विचारतात, दुसऱ्याचा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) तपासायला सुरुवात कुठून करायची? मी सांगते, ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर ते तयार करायला कर्नल जे बोलावतो ते, उघडा आणि खालून वर वाचा. सगळं सुरळीत चालतं तो रस्ता लेखकाने आपल्या बोर्डावर कितीतरी वेळा चालवलेला असतो. मेमरी मिळाली नाही किंवा क्लॉक (हार्डवेअर चालवणारा ठोक्यांचा सिग्नल) सुरू झालं नाही, तर काय होतं हे बहुधा कुणीच पाहिलेलं नसतं.

प्रोबमध्ये मेमरी, क्लॉक, इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) असं एकेक घेत जातात. मध्येच काही फसलं, तर तोवर घेतलेलं उलट्या क्रमाने सोडायचं. त्यासाठी इथे गोटू, म्हणजे ठरावीक लेबलवर थेट उडी मारणारी सी भाषेतली आज्ञा, राजरोस वापरतात. प्रत्येक गोटूपाशी थांबून बघा: उडी आधीच्या पायरीच्या सफाईवर जाते, की जे मिळालंच नाही ते सोडायला? लेबलचं नाव ते काय सोडतं हे सांगणारं हवं. 'एरर १, एरर २' अशा नावांमध्ये नवी पायरी घुसली की गोंधळ ठरलेला. आणि उडी मारण्याआधी एरर कोड भरलाय ना? तो राहिला तर फसलेला प्रोब शून्य परत करतो आणि कर्नल डिव्हाइस तयार आहे असं धरून चालतो.

२००७ पासून डेव्हएम फंक्शन्स (नाव devm_ ने सुरू होणारी) आहेत, ती प्रोब फसला किंवा ड्रायव्हर निघाला की सफाई आपोआप करतात. फार मोठी सोय आहे, पण खरी मेख हाताची सफाई आणि डेव्हएम यांची सरमिसळ झाली की असते. समजा क्लॉक हाताने सुरू केलंय आणि इंटरप्ट डेव्हएमने घेतलाय. ड्रायव्हर काढताना आधी रिमूव्ह फंक्शन चालतं, ते क्लॉक बंद करतं. डेव्हएमची सफाई त्यानंतर होते. म्हणजे मधल्या वेळात इंटरप्ट जिवंत आणि क्लॉक बंद. तेवढ्यात इंटरप्ट आला तर त्याला उत्तर देणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, बंद हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जातं, आणि कित्येक एआरएम चिपवर अख्खी सिस्टिम तिथेच गोठते. दोन्ही फंक्शन्स सुटी वाचली तर यात काहीच चुकीचं दिसत नाही, म्हणून प्रोब आणि रिमूव्ह शेजारी शेजारी उघडा. उपाय सोपा आहे: क्लॉकही डेव्हएमनेच घ्यायचं, आणि इंटरप्टच्या आधी, म्हणजे ते त्याच्या नंतर सुटेल.

काही फंक्शन्सचे स्वभाव मात्र पाठच हवेत. झोपलेलं डिव्हाइस जागं करणारं पीएम-रनटाइम-गेट-सिंक फसलं तरी वापराची मोजणी वाढवून ठेवतं; म्हणूनच कर्नल ५.१० मध्ये रिझ्यूम-अँड-गेट आलं, ते फसलं तर मोजणी परत कमी करतं. डिव्हाइस-रजिस्टर फसलं तर केफ्रीने मेमरी थेट सोडायची नाही, पुट-डिव्हाइसने डिव्हाइसवरचा हक्क सोडायचा. उणे ५१७ हा एरर कोड म्हणजे 'प्रोब डिफर': लागणारा दुसरा ड्रायव्हर अजून आलेला नाही, नंतर बघ. हा कोड गिळून लेखकाने दुसराच परत केला, तर कर्नल पुन्हा प्रयत्न करत नाही.

कोड न चालवताच चुका शोधणारी स्मॅच आणि कॉक्सिनेल ही साधनं जरूर चालवा. फेलस्लॅबने मेमरी मुद्दाम नाकारून बघा, न सोडलेली मेमरी शोधणारं केमेमलीक लावून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बाइंड-अनबाइंड करा, म्हणजे डिव्हाइसला जोडा आणि काढा. शेरा लिहिताना 'एरर हँडलिंग चुकीचं आहे' एवढ्यावर सोडू नका. कोणती ओळ फसली तर काय सुटायचं राहतं ते लिहा, म्हणजे लेखकाला तो रस्ता स्वतः चालून बघता येतो.