हातातला दगड ओळखायचा कसा? गोव्यातल्या खनिजांची घरच्या घरी परीक्षा

गोव्यात वाटेवरचा कुठलाही दगड उचला, तो बहुधा लाल, तपकिरी किंवा काळा निघतो. त्यामुळे रंगावरून खनिज ओळखायला जाल तर हमखास फसाल. लोखंडाचा गंज बसलेली पांढरी गारगोटी विटकरी दिसते आणि काळाकुट्ट दिसणारा खडा घासला की लालभडक पूड सोडतो. म्हणून इथे रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी कस (म्हणजे घासल्यावर उमटणारी पुडीची रेघ), मग चुंबक, मग कठिनता आणि वजन, आणि गरज पडली तर थोडे रसायनशास्त्र. या क्रमाने गेलात तर गोव्यात नेहमी सापडणारी खनिजे प्रयोगशाळेत न जाताही बऱ्यापैकी ओळखता येतात.

खनिज कशाला म्हणायचे?

निसर्गात तयार झालेला घन पदार्थ, ज्याचे रासायनिक संघटन ठरावीक आहे आणि ज्यातले अणू ठरावीक पद्धतीने रचलेले आहेत, तो म्हणजे खनिज. खडक हे बहुतेक वेळा अशा अनेक खनिजांचे मिश्रण असते. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, हा खडक. त्यातले लाल ठिपके, पिवळे पट्टे, पांढरट माती ही वेगवेगळी खनिजे.

आजवर सहा हजारांच्या आसपास खनिजांची नोंद झाली आहे, पण घाबरून जायचे कारण नाही. भूकवचाच्या वजनात जवळपास ४६ टक्के ऑक्सिजन, २८ टक्के सिलिकॉन, ८ टक्के ॲल्युमिनियम आणि ५ टक्के लोह आहे. गोव्याच्या जमिनीवर तर ही चार नावे पाठ असली तरी बरेच काम भागते.

कुठली मूलद्रव्ये आहेत आणि ती कशी रचली आहेत, या दोन गोष्टींवर खनिजाचे सगळे गुणधर्म ठरतात. मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट दोन्हींत फक्त लोह आणि ऑक्सिजन असतो. मॅग्नेटाइटमध्ये लोहाच्या ३ अणूंमागे ऑक्सिजनचे ४, हेमॅटाइटमध्ये २ मागे ३. फरक एवढाच, पण पहिले चुंबकाला झटकन चिकटते आणि दुसरे जवळपास दादच देत नाही. पहिल्याची पूड काळी, दुसऱ्याची लाल. तिसरे गोएथाइट: त्यात लोह आणि ऑक्सिजनच्या जोडीला हायड्रोजन असतो आणि त्याची पूड पिवळट तपकिरी. गोव्याच्या खनिजमालाची आणि मातीची निम्मी गोष्ट या तिघांचीच आहे.

काय काय लागेल

चिनीमातीचा पांढरा कप किंवा बशी (तळाचे बिनचकाकीचे कडे आपल्या कामाचे), भिंग, जुन्या स्पीकरमधले चुंबक, तांब्याच्या तारेचा तुकडा, पोलादी सुरी, काचेचा जाड तुकडा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दोरा, पाण्याचे भांडे, व्हिनेगर आणि औषधाच्या दुकानातले जखम धुवायचे हायड्रोजन पेरॉक्साइड. बाथरूम धुवायचे ॲसिड मात्र वापरू नका. त्याच्या वाफा वाईट, आणि या परीक्षांना त्याची गरजही नाही.

नमुने कुठून घ्यायचे, हे आधी सांगतो. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या भागांत खाणींचे उंच डंप दिसतात. तिथे जायचे नाही. ती जागा दुसऱ्याची असते आणि पावसाने ढिला झालेला उतार कधी सरकेल याचा नेम नसतो. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर प्राचीन कोरीव चित्रे आहेत. त्या कातळाला बोटाचाही त्रास नको, मग हातोडी दूरच. घराच्या पायासाठी खणलेली माती, मालकाला विचारून चिरेखाणीतला कचरा, ओहोळातले गोटे, दर्याकाठची मूठभर रेती, एवढे आपल्याला पुष्कळ होते.

पहिली पायरी: ताजा भाग उघडा करा

दगड जुन्या टूथब्रशने धुऊन वाळवा. मग जाड कापडात गुंडाळून हातोडीने एक कोपरा उडवा. डोळ्यांना चष्मा हवाच. उघड्यावर राहिलेल्या दगडाचा बाहेरचा थर पाऊस आणि हवेने बदललेला असतो, म्हणून परीक्षा आतल्या ताज्या भागाची घ्यायची. भिंगातून पाहा. काचेसारखी चमक आहे, धातूसारखी आहे, की मातीसारखे मंद आहे? एवढे वहीत टिपून पुढे चला.

दुसरी पायरी: कस काढा

सोनार कसोटीवर सोने घासतो तेच इथे करायचे. कप उलटा करा आणि तळाच्या खरखरीत कड्यावर दगडाचा ताजा कोपरा जोर लावून एकदाच ओढा. जी रेघ उमटते ती खनिजाच्या पुडीची, आणि तोच त्याचा कस.

गोव्यासाठी ही परीक्षा इतर कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त कामाची आहे. हेमॅटाइट पोलादासारखे करडे चमकत असो की लाल मातीसारखे भुसभुशीत असो, कस लालच येतो. कारण सोपे आहे. मोठ्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरून प्रकाश परावर्तित होतो आणि खरा रंग झाकला जातो. बारीक पुडीतून प्रकाश थोडा आत शिरून परततो, तेव्हा खनिज स्वतःचा रंग दाखवते. मॅग्नेटाइटचा कस काळा, गोएथाइटचा पिवळट तपकिरी. पायरोल्यूसाइट म्हणजे मँगनीजचे ऑक्साइड, तेही काळा कस देते. पण त्याचा मऊ नमुना हातात धरला तरी बोटे काजळतात. पायराइट सोन्यासारखे पिवळे दिसते, पण रेघ हिरवट काळी ओढते. सोन्याची रेघ सोनेरीच असते.

गारगोटीची रेघ उमटणार नाही. ती चिनीमातीलाच ओरखडते आणि पांढरी पूड पडते ती कपाची. असे झाले तर खनिज कठीण आहे एवढे समजा.

तिसरी पायरी: चुंबक

चुंबक प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घाला, नाहीतर काळे कण त्याला असे बसतात की नंतर निघत नाहीत. आता किनाऱ्यावरची, लाटांनी काळ्या पट्ट्यात आणून ठेवलेली रेती वाळवून ताटात पसरा आणि वरून पिशवी फिरवा. उडी मारून चिकटतात ते बहुतांशी मॅग्नेटाइटचे कण. पिशवी उलटी केली की ते वेगळे पडतात. मागे राहिलेल्या काळ्या कणांत इल्मेनाइट आणि हेमॅटाइट असू शकते. इल्मेनाइटमध्ये लोहाबरोबर टायटॅनियम असते आणि साधे चुंबक त्याला फारसे ओढत नाही. पांढरे, काचेसारखे कण गारगोटीचे, आणि चपटे मळकट पांढरे तुकडे शिंपल्यांचे. हे काळे कण एकत्र का येतात? ते जड असतात. लाट परतताना हलके कण ओढून नेते, जड मागे राहतात.

इथे एक गोम आहे, ती ठाऊक असलेली बरी. कधी अष्टफलकी आकाराचा सुबक खडा मिळतो, आकार पक्का मॅग्नेटाइटचा, पण चुंबक ओढत नाही आणि कस लाल येतो. याला मार्टाइट म्हणतात. मॅग्नेटाइटने लाखो वर्षांत आणखी ऑक्सिजन घेतला आणि आकार तसाच ठेवून आतून ते हेमॅटाइट झाले. गोव्याच्या लोहखनिजात हे भरपूर आढळते.

चौथी पायरी: कठिनता

१८१२ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १ ते १० अशी श्रेणी मांडली. १ ला शंखजिरे, ३ ला कॅल्साइट, ७ ला गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झ, १० ला हिरा. आपल्या घरातली मापे अशी: नख साधारण २.५, तांब्याची तार ३, काच आणि सुरीचे पाते ५.५ च्या आसपास. हल्लीची आपली नाणी पोलादाची किंवा मिश्रधातूंची असतात, म्हणून परदेशी पुस्तकांत सांगितलेली नाण्याची परीक्षा इथे लागू पडत नाही; तारच घ्या.

ओरखडा काढल्यावर ओल्या बोटाने पुसा. पुसले गेले तर ती नुसती पूड होती, राहिले तर ओरखडा. गारगोटी काचेला सहज ओरखडते. अभ्रकावर नखाचा ओरखडा उमटतो. मात्र मातकट हेमॅटाइट नखानेही खरवडून निघते, आणि त्याची कठिनता तर पुस्तकात ५.५ ते ६.५ दिलेली असते. दोन्ही खरे. पुस्तकातला आकडा एका स्फटिकाचा आहे. तुमच्या हातात बारीक कणांचा सैल गोळा आहे आणि कण एकमेकांपासून सुटतात, ओरखडले जात नाहीत.

फुटण्याची तऱ्हाही याच वेळी पाहून घ्या. अभ्रकात अणूंचे थर आतून घट्ट पण एकमेकांना सैल बांधलेले, म्हणून त्याचे पातळ पापुद्रे निघतात. याला पाटन म्हणतात. गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध तिन्ही दिशांना सारखेच घट्ट असतात, म्हणून तिला पाटन नाही. ती शिंपल्याच्या आतल्या भागासारखी वळणदार फुटते आणि बाकीची खनिजे कुजली तरी टिकून राहते.

पाचवी पायरी: विशिष्ट गुरुत्व

दगड कोरडा असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते कळते, आणि तेच त्याचे विशिष्ट गुरुत्व.

समजा दगड २१० ग्रॅम आहे आणि पाण्यात काटा ४२ दाखवतो. भागाकार ५. गारगोटीचे विशिष्ट गुरुत्व २.६५, म्हणजे याच आकाराची गारगोटी फक्त १११ ग्रॅम भरली असती. हेमॅटाइट ५.३ च्या जवळ, मॅग्नेटाइट ५.२, गोएथाइट ३.३ ते ४.३. मधलाच आकडा आला तर लोहखनिज आणि गारगोटी मिसळलेली असण्याची शक्यता मोठी. गोव्यातल्या पट्टेरी लोहखडकात काळे आणि पांढरे पदर एकाआड एक असतात. त्या पदरांचे वय २०० कोटी वर्षांहून जास्त आहे. सच्छिद्र चिऱ्यावर ही परीक्षा करू नका. छिद्रांतली हवा आकडा बिघडवते.

सहावी पायरी: रसायनाला विचारा

खरी मजा इथे आहे.

पिवळी कावेसारखी माती किंवा पिवळा कस देणारा खडा घ्या आणि त्याची चिमूटभर पूड करा. अख्खा खडा तापवू नका, आतल्या पाण्याच्या वाफेने तो फुटू शकतो. जुन्या लोखंडी पळीत पूड पसरून मोठ्या आचेवर काही मिनिटे धरा, खिडकी उघडी ठेवून. पिवळा रंग आधी नारिंगी, मग विटकरी लाल होतो आणि थंड झाल्यावरही लालच राहतो. गोएथाइटमधून पाणी निघून गेले आणि हेमॅटाइट उरले. डिचोलीच्या कुंभाराच्या भट्टीत मातीचे मडके लाल होते तेही लोहाच्या याच ऑक्साइडमुळे. तुळशी वृंदावनाला लावायचा गेरूसुद्धा हेमॅटाइट मिसळलेली मातीच.

व्हिनेगरचे दोन थेंब शिंपल्यावर टाका, बुडबुडे येतील. तो कॅल्शियम कार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. कॅल्साइटही असेच वागते, पण व्हिनेगर सौम्य असल्यामुळे आधी थोडी पूड करा आणि भिंगातून पाहा. गारगोटी मात्र ढिम्म राहते. पांढऱ्या खड्यांत घोळ झाला की हाच निकाल.

काळ्या खड्यांचा घोळ पेरॉक्साइड सोडवते. सांगे, केपे भागांत लोहाबरोबर मँगनीजही सापडते. धुऊन स्वच्छ केलेल्या तुकड्यावर एक थेंब टाका. पायरोल्यूसाइट असेल तर फेस उसळतो: मँगनीजचे ऑक्साइड स्वतः खर्ची न पडता पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. मॅग्नेटाइटवर असा फेस येत नाही, फार तर तुरळक बुडबुडे. माती आणि पालापाचोळाही फेस आणतो, म्हणून स्वच्छ तुकड्याचा आग्रह.

आता चिऱ्याकडे पाहा

कुंपणाचा तुटलेला चिरा भिंगाखाली धरा. लाल डाग हेमॅटाइटचे, पिवळे तपकिरी गोएथाइटचे, छिद्रांत पांढरट माती केओलिनाइटची. ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड असलेले गिब्साइटही असते, पण ते डोळ्यांनी वेगळे काढणे कठीण. मुळात हा वेगळाच खडक होता. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस आणि वर्षभर ऊब, यांनी त्यातले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि बरेचसे सिलिका धुऊन नेले. न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. खाणीतून ओला काढलेला चिरा सहज कापता येतो आणि उघड्यावर वाळला की कडक होतो.

परीक्षा झाली की लगेच चिठ्ठी लिहा: गाव, जागा, तारीख, कस, चुंबक, कठिनता, विशिष्ट गुरुत्व, आणि शेवटी तुमचा अंदाज. अंदाज पेन्सिलीने, बाकी पेनने. परीक्षांचे निकाल एकमेकांशी जुळत नसतील तर आकडे ओढून जुळवू नका. दगडात दोन खनिजे असतील, दोन वेगळे तुकडे घेऊन पुन्हा तपासा. तरीही उलगडले नाही तर ताळगावचे गोवा विद्यापीठ, पणजीचे धेंपे कॉलेज किंवा मडगावचे चौगुले कॉलेज, इथे भूशास्त्र शिकवले जाते. चिठ्ठीसकट दगड घेऊन जा. नुसता दगड दाखवला तर विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, हा सापडला कुठे.