हवामानाचा ठराव मंजूर झाला, आता पाठपुरावा कसा करावा?

डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न महानगरातील डॅरेबिन नगरपरिषदेने हवामान आणीबाणी जाहीर केली, म्हणजे हवामानबदल हे तातडीचं संकट आहे असं ठरावाने मान्य केलं. जगातला असा तो पहिला ठराव. पाहता पाहता अनेक देशांतल्या शहरांनी तसेच ठराव केले. ठराव करायला एक सभा पुरते. तो पाळायचा तर दरवर्षी अंदाजपत्रकात त्याच्यासाठी तरतूद करावी लागते, आणि बहुतेक आश्वासनं तिथेच अडकतात. म्हणून आपला पाठपुरावा पैशांपर्यंत न्यायचा, हे आधीच मनाशी पक्कं करा.

मूळ कागद मिळवा

बातमीवर विसंबू नका. ठरावाची प्रत, हवामान कृती आराखडा आणि त्या सभेचं इतिवृत्त मिळवा. संकेतस्थळावर नसेल तर लेखी मागा. माहिती अधिकाराचा कायदा असेल तिथे त्याखाली अर्ज करा. मग पेन्सिल घेऊन बसा आणि तीन गोष्टींखाली रेघ ओढा: उत्सर्जन किती टक्के घटवणार, कोणत्या वर्षाच्या तुलनेत, आणि कधीपर्यंत.

यातल्या आधारवर्षाकडे नीट बघा. खूप जुनं, जास्त उत्सर्जनाचं वर्ष धरलं असेल, तर कबूल केलेली बरीचशी घट ठरावाआधीच होऊन गेलेली असू शकते. आकडा फक्त कार्यालयं आणि सरकारी वाहनांचा आहे की साऱ्या शहराचा, हेही तपासा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ताडून पाहायला एक माप देतो. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटायला हवं, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे.

आश्वासन कशावर उभं आहे ते पाहा

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनने २०१२ मध्ये ठरवलं होतं की २०२५ पर्यंत शहर कार्बन-तटस्थ करायचं, म्हणजे जितका कार्बन डायऑक्साइड सोडायचा तितकाच भरून काढायचा. कामही पुष्कळ झालं. पण बेरीज जुळवायला कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातला कार्बन पकडून साठवण्याची योजना धरली होती. तिला सरकारी निधी मिळाला नाही, आणि २०२२ मध्ये शहराला २०२५ चं उद्दिष्ट सोडून द्यावं लागलं. मनापासून काम करणाऱ्या शहराची ही गत होते. म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक मोठ्या कामापुढे विचारा: याचे पैसे कोण देणार, आणि ते मिळाले नाहीत तर काय करणार?

एकच मागणी घ्या

'हवामानबदलावर काहीतरी करा' या निवेदनाला 'आम्ही प्रयत्नशील आहोत' एवढंच उत्तर येतं. जे काम स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या अखत्यारीत आहे ते धरा: बस, पथदिवे, बांधकाम परवाने, झाडं, कचरा. मला विचाराल तर पुष्कळ ठिकाणी कचरा ही चांगली सुरुवात आहे. ओला कचरा ढिगात हवेविना कुजला की मिथेन निघतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय दुर्गंधी सगळ्यांनाच जाचत असते, त्यामुळे सोबत यायला माणसं मिळतात.

निवेदन एका पानात बसवा. मजकूर साधारण असा:

'अमुक तारखेच्या ठरावात ओल्या कचऱ्यावर पूर्ण प्रक्रिया करण्याचं मान्य झालं आहे. आज रोज किती टन कचऱ्यावर प्रक्रिया होते? येत्या अंदाजपत्रकात यासाठी किती तरतूद आहे? जबाबदार अधिकारी कोण? कृपया तीस दिवसांत लेखी कळवावे.'

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एक आकडा, एक रक्कम किंवा एक नाव असावं. निवेदन देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

वेळ साधा

अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' ऐकावं लागेल. खात्यांकडून मागण्या गोळा होतात तेव्हाच पोहोचा. मंजुरीच्या काही महिने आधी. अधिकाऱ्याला आधी भेटा, कारण अडचण कुठे आहे ते त्याला माहीत असतं. मग लोकप्रतिनिधीला भेटा आणि तोच प्रश्न सभेत विचारायला सांगा, म्हणजे तो इतिवृत्तात येतो.

सभेत नागरिकांना बोलता येत असेल तर घरी घड्याळ लावून सराव करा. जगाच्या संकटाचं वर्णन तिथे नको, ते ठरावातच लिहिलेलं असतं. ठरावातलं एक वाक्य वाचा, अंदाजपत्रकातला त्याच कामाचा आकडा वाचा, आणि दोहोंतली तफावत कधी भरून काढणार ते विचारा. सोबत आलेल्यांनी मागे बसून राहिलं तरी चालतं. भरलेल्या खुर्च्या सभागृहाला दिसतात.

दरवर्षी हिशेब मागा

नॉर्वेची राजधानी ऑस्लोने २०१७ पासून अंदाजपत्रकालाच हवामान अंदाजपत्रक जोडलं आहे. कोणत्या उपायाने उत्सर्जन किती घटेल आणि तो कोणी करायचा, हे त्यात पैशांच्या हिशेबासोबत मांडलं जातं. आपल्याकडेही असा तक्ता जोडावा ही दुसरी मागणी ठेवा. पण पहिल्या निवेदनाचं उत्तर आल्यावरच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर एकतिसाव्या दिवशी आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या.